पक्षिणी

धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांत, म्हणजे विखुरलेल्या स्मृतिवचनांची संगती लावून आचाराचा निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, आशौचाची म्हणजे बोलीतल्या सुतकाची मुदत नात्यावरून मोजलेली असते. सपिंडांना, म्हणजे एकाच मूळपुरुषापासून सात पिढ्यांच्या आत उतरलेल्या कुळातल्या माणसांना, दहा दिवस आणि त्यापलीकडच्यांना उतरत्या क्रमाने कमी, असा हा हिशेब आहे. त्यात लग्न झालेल्या बहिणीची जागा अडचणीची ठरते, कारण विवाहाबरोबर तिचे गोत्र बदलते आणि ती माहेरच्या सपिंडांच्या वर्तुळाबाहेर जाते. ज्या दूरच्या चुलत्याचे तोंडही कधी पाहिलेले नसते त्याच्यासाठी दहा दिवस पाळणाऱ्या भावाला, एकाच पाळण्यात वाढलेली बहीण सासरी वारली तर ‘पक्षिणी’ आशौच सांगितले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेला आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या नित्य वापरातला धर्मसिंधू हाच दंडक नोंदवतो. मात्र या कोरड्या हिशेबात आलेला पक्षिणी हा शब्द कोरडा नाही. चालू दिवस आणि येणारा दिवस यांनी युक्त अशी रात्र, असा त्याचा अर्थ अमरकोशाने दिला आहे. मधली रात्र हे अंग आणि दोहों बाजूंचे दोन दिवस हे पंख, अशी ती पक्षीण आहे.

भावाच्या शोकाला शास्त्राने एवढीच मुदत द्यावी हे आजच्या वाचकाला कृपणपणाचे वाटेल, आणि ते वाटणे चूक नाही. परंतु ज्या परंपरेने बहिणीला आशौचाच्या यादीत मागे सारले तिनेच स्मरणाच्या यादीतून तिला वगळलेले नाही. महालयात, म्हणजे भाद्रपदाच्या वद्य पक्षातल्या श्राद्धात, तसेच तीर्थश्राद्धात आणि तर्पणात कोणाकोणाला तिलोदक द्यायचे हे ध्यानात राहावे म्हणून याज्ञिकांनी एक श्लोक बांधून ठेवला आहे. पित्याच्या आणि मातेच्या तीन-तीन पिढ्यांपासून निघालेली त्यातली यादी आत्या आणि मावशी यांच्या जोडीने स्वतःच्या बहिणीपर्यंत, तिच्या पतीसह आणि अपत्यांसह, येते. पुढे सासरा, गुरू आणि शिष्य यांना घेऊन ती ‘आप्त’ या शब्दापाशी संपते. दीड-दोन दिवसांत शुद्ध झालेल्या भावाने वर्षानुवर्षे तिचे नाव घेत राहावे, अशी ही व्यवस्था आहे. शोक लवकर आवरावा आणि स्मरण मात्र संपू नये, या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत की एकमेकींना पूरक आहेत, हा खरा प्रश्न आहे. आणि बहीण दीर्घ आजारानंतर गेलेली असेल तर तो अधिकच अवघड होतो.

या प्रश्नाची भारतीय वाङ्मयातली सर्वांत जुनी मांडणी बहीण-भावाच्याच नात्यातून झाली आहे. यम आणि यमी ही विवस्वताची जुळी अपत्ये होत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात त्यांचा चौदा ऋचांचा प्रसिद्ध संवाद येतो, आणि त्यातल्या यमीच्या मागणीमुळे विद्वानांची बरीच शाई त्या सूक्तावर खर्च झाली आहे. मैत्रायणी संहितेतली यमी त्या मानाने उपेक्षित राहिली. कृष्ण यजुर्वेदाच्या या संहितेत, अग्नीजवळ उभे राहून त्याची प्रार्थना करण्याच्या, म्हणजे अग्न्युपस्थानाच्या विवेचनात, एक अगदी छोटी कथा येते. यम मरण पावला. मरणारा पहिला माणूस तोच. देव यमीची समजूत घालू लागले, तिने त्याला विसरावे म्हणून प्रयत्न करू लागले. पण जेव्हा जेव्हा तिला विचारावे तेव्हा तेव्हा तिचे उत्तर एकच, तो आज मेला. देवांच्या ध्यानात आले की अशाने ही कधीच विसरणार नाही. त्या वेळी जगात केवळ दिवस होता, रात्र नव्हती. म्हणून देवांनी रात्र निर्माण केली, रात्रीमुळे दुसरा दिवस उगवला आणि मग यमी त्याला विसरली. दिवस-रात्रींनी दुःख झाकले जाते, हे लोक म्हणतात ते यावरूनच, असा निर्वाळा देऊन संहिता पुढच्या विधीकडे वळते.

काळ हे दुःखावरचे औषध आहे, एवढाच या कथेचा अर्थ सहसा काढला जातो. तो अर्थ खोटा नाही, पण कथेतल्या यमीच्या उत्तराकडे नीट पाहिले तर तो अपुरा वाटतो. रात्र होण्यापूर्वी यमी भावाची आठवण काढत होती, असे म्हणता येत नाही. तिच्यापुरता त्याचा मृत्यू अजून चालूच होता. ‘काल’ हा शब्दच जिथे अस्तित्वात नाही तिथे आठवणार काय? जे समोर घडते आहे ते माणूस पाहतो किंवा सोसतो, आठवत नाही. रात्र आली तेव्हा मृत्यू ‘आज’मधून ‘काल’मध्ये गेला, आणि त्याच क्षणी यम प्रथमच स्मरणाची वस्तू झाला. ज्या रात्रीने विस्मृती दिली तिनेच स्मृतीही शक्य केली, ही गोष्ट संहिताकाराने बोलून दाखवलेली नाही. पण त्याने रचलेल्या कथेतून ती टाळताही येत नाही.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत हा भेद अधिक स्पष्ट करता येतो. नैयायिक ज्ञानाचे दोन प्रकार मानतात, अनुभव आणि स्मृती. अनुभव विषयाच्या संपर्कातून किंवा अन्य प्रमाणातून उपजतो. स्मृती केवळ संस्कारातून, म्हणजे पूर्वीच्या अनुभवाने आत्म्यावर सोडलेल्या ठशातून उपजते. ठसा उमटण्यासाठी मूळ अनुभव सरलेला असावा लागतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायात, संस्कार कशाकशाने जागा होतो याची एक लांबलचक यादी आहे: चित्ताची एकाग्रता, अभ्यास, खूण, सादृश्य, आश्रय, क्रम, सुख, दुःख, भय, गरज, क्रिया, आणि या साऱ्यांच्या मधोमध वियोग. भाष्यकार वात्स्यायनाने प्रत्येकाचे घरगुती उदाहरण देत ती समजावली आहे. म्यान पाहून तलवार आठवते, ज्याच्याकडून काही मिळाले त्याची वारंवार आठवण होते, आणि ज्याचा वियोग झाला तो फारच आठवतो. तर्काच्या ग्रंथात ही यादी आत्म्याचे स्वरूप सिद्ध करण्याच्या ओघात आली आहे, पण ज्या घरातून कोणी गेले आहे त्या घराची ती जणू मोजदादच वाटते. बहिणीची गोधडी, तिच्यासारखे वळण असलेले भाचीचे अक्षर, तिने लावलेले लोणचे मुरायला लागणारे दिवस, दुखऱ्या गुडघ्यामुळे जिना चढताना तिने जिथे थांबावे ती पायरी, यांतले प्रत्येक गौतमाच्या कोणत्या ना कोणत्या पदाखाली बसते.

दीर्घ आजाराने या सगळ्या व्यवस्थेत एक वेगळाच गुंता निर्माण होतो. अकस्मात मृत्यूत रात्र एकदम कोसळते. महिनोन्‌महिने चाललेल्या दुखण्यात घर उलट यमीच्या जगात राहते: औषधाच्या वेळा, कूस बदलून देणे, पहाटे दोनला लागलेला दिवा, पुढच्या तपासणीची तारीख, यांत दिवस आणि रात्र यांच्यातली सीमाच पुसली जाते आणि उरतो तो एक न संपणारा ‘आज’. शोक मृत्यूच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, पण त्याला शोक म्हणण्याची परवानगी नसते. कारण जी समोर आहे तिच्यासाठी रडणे अशुभ मानले जाते आणि रडायला सवडही नसते. आणि शेवटी जेव्हा ती जाते तेव्हा मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘सुटली’. हा शब्द मोठा मार्मिक आहे. व्याकरणाने त्याचा कर्ता आजारी बहीण आहे आणि अर्थाने तो मोक्षाच्या कुळातला आहे. पण तो उच्चारणाऱ्यालाही आपली स्वतःची सुटका त्यात ऐकू येते, आणि पुढची कित्येक वर्षे जी रुखरुख मनाला कुरतडते तिचे मूळ अनेकदा याच शब्दात असते. नीतीच्या दृष्टीने ही रुखरुख अनाठायी आहे. दुःखाचा अंत इच्छिणे आणि दुःखिताचा अंत इच्छिणे या भिन्न इच्छा आहेत. असाध्य दुखण्यात त्या एकाच घटनेने पुऱ्या होतात, म्हणून त्या एक ठरत नाहीत. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे असाध्य दुखण्यातल्या रुग्णांसाठीचे भारतातले पहिले शुश्रूषागृह. रोग बरा होणार नाही हे मान्य करूनही वेदना शमवण्याला स्वतंत्र प्रयोजन आहे, हा जो परिहारसेवेचा म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा पाया, तो याच भेदावर उभा आहे.

दुसरा गुंता ज्ञानाचा आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या सहवासातले शेवटचे वर्ष-दीड वर्ष आधीच्या सगळ्या काळावर आपली सावली पाडते. केस गेलेले, आवाज खोल गेलेला, हाताला सुईच्या खुणा असलेली बहीण डोळ्यांपुढे येते आणि विहिरीच्या काठावर हुंदडणारी, परकराचा काचा मारून झाडावर चढणारी बहीण तिच्यामागे दिसेनाशी होते. नैयायिकांच्या मते स्मृतीही यथार्थ आणि अयथार्थ अशी दोन प्रकारची असते. खऱ्या अनुभवातून आलेली ती यथार्थ, भ्रमातून आलेली ती अयथार्थ. आजारपणाच्या आठवणी या कसोटीला खऱ्या उतरतात, आणि तरीही त्याच तेवढ्या उरल्या तर त्या माणसाविषयी खोटे सांगतात. खऱ्या तुकड्यांतून खोटी अखंड मूर्ती उभी राहू शकते, ही शक्यता तर्कग्रंथांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

बहिणीच्या बाबतीत आणखी एक उणीव भरून निघत नाही. प्रत्येकाचा आत्मा नित्य आणि आयुष्यभर एकच असतो हे सिद्ध करताना नैयायिक असा युक्तिवाद करतात की एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही, ज्याने अनुभवले त्यालाच आठवते. हा सिद्धान्त भावंडांच्या आयुष्याला लावला की त्याला धार चढते. आई-वडील गेल्यावर बालपणातल्या घराचे जे दोनच साक्षीदार उरलेले असतात त्यांपैकी एक गेला, की दुसऱ्याच्या आठवणीला दुजोरा देणारे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती खोडून काढणारे, कोणी राहत नाही. तो पाऊस त्या वर्षीचा नव्हेच, असे ठणकावून सांगणारी गेली म्हणजे आठवण बिनविरोध होते, आणि बिनविरोध झालेल्या आठवणीवर तिच्या धन्याचाही विश्वास बसेनासा होतो.

भावांनी हा शोक फारसा लिहून ठेवलेला नाही, हेही इथे नोंदवणे भाग आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्यांत भावाविषयीच्या ओव्यांना तोटा नाही. बहीण भावाला गाते. भाऊ जात्यावर बसत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर कुठेच ऐकू येत नाही. वैदिक कथेतही मरतो तो यम आणि रडते ती यमी.

अपवाद म्हणून ज्याच्याकडे पाहावे असा एक भाऊ चौथ्या शतकातल्या आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, होऊन गेला. निसाचा ग्रेगरी हा ग्रीक भाषेत लिहिणारा ख्रिस्ती बिशप आणि तत्त्वचिंतक. मॅक्रिना ही त्याची सर्वांत थोरली बहीण. पाँटस प्रांतात आयरिस नदीकाठच्या घरालाच तिने स्त्रियांच्या मठाचे रूप दिले होते. इसवी सन ३७९ च्या सुमारास, थोरला भाऊ बॅसिल नुकताच वारला असताना, ग्रेगरी जवळजवळ आठ वर्षांनी बहिणीला भेटायला निघाला आणि पोहोचला तेव्हा ती तापाने फणफणलेली, जमिनीवर गोणपाट घातलेल्या फळीवर पडलेली होती. भावाला क्लेश होऊ नयेत म्हणून तिने आपली धाप लपवली, त्याला बागेत विश्रांतीला पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली. या भेटीवर ग्रेगरीने दोन ग्रंथ लिहिले: एक तिचे चरित्र आणि दुसरा आत्मा व पुनरुत्थान यांवरचा संवाद, ज्यात मरणशय्येवरची बहीण ‘गुरू’ या नावाने बोलते आणि भाऊ शिष्य होऊन शंका विचारतो.

संवादाची सुरुवातच शोकाच्या प्रश्नाने होते. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, हे प्रेषित पौलाचे सांगणे मॅक्रिना भावापुढे ठेवते; पंडितांनी गेलेल्यांचा वा असलेल्यांचा शोक करू नये, या गीतेतल्या भूमिकेशी त्याचे साम्य उघड आहे. तरीही ती भावाला लगेच गप्प करत नाही. निष्णात स्वार उधळलेल्या घोड्याला थोडी मोकळीक देऊन मग लगाम खेचतो तशी ती आधी त्याचा उमाळा वाहू देते आणि नंतर त्याला विचाराकडे वळवते. या संवादातले शब्दन्‌शब्द मॅक्रिनाचेच आहेत असे कोणी मानत नाही. प्लेटोने सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसावर लिहिलेल्या फीडोच्या धर्तीवर ग्रेगरीने तो रचला आहे आणि त्यातले तत्त्वज्ञान बरेचसे त्याचे स्वतःचे आहे. मग बहिणीच्या तोंडी ते घालणे हा नुसता अलंकार होता काय? मराठी वाचकाला हा प्रश्न सोडवणे तितके जड जाऊ नये, कारण रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना बाहेर आणणारी धाकटी मुक्ताई त्याच्या ओळखीची आहे. बहिणीला गुरू म्हणणे म्हणजे तिच्या जिवंतपणी जे बोलणे होऊ शकले असते ते तिच्या मागे चालू ठेवणे. मृताला केवळ स्मरणाचा विषय न ठेवता प्रश्न विचारण्याजोगी व्यक्ती म्हणून वागवण्याची ही रीत आहे.

चरित्रातला अखेरचा भाग संवादाहून सरस आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या नव्हे तर दिव्याच्या उजेडात घडतो. दिवेलागणीला कोणी दिवा आत आणला तेव्हा मॅक्रिनाने डोळे उघडले, सांजेची प्रार्थना म्हणू पाहिली, आवाज फुटेना म्हणून ओठ आणि हात हलवून ती मनातच पुरी केली, आणि ती संपली तेव्हा श्वासही संपला. त्यानंतर तिला शेवटची वस्त्रे नेसवताना वेतियाना नावाच्या सहचारिणीने दिवा जवळ घेऊन ग्रेगरीला तिच्या छातीवरची एक बारीक खूण दाखवली. पुष्कळ वर्षांपूर्वी तिथे गाठ आली होती; वैद्यापुढे अंग उघडे करायला मॅक्रिना तयार नव्हती, आईने विनवले तरी तिने ऐकले नाही; एक रात्र तिने प्रार्थनेत काढली, मग आईच्या हातून छातीवर क्रुसाची खूण करवून घेतली आणि गाठ नाहीशी झाली, अशी हकीकत त्या स्त्रीने सांगितली. ती चमत्कार म्हणून मानावी की नाही हा श्रद्धेचा भाग. इथे महत्त्वाचे हे की सख्ख्या भावाला, बिशपाला, विद्वानाला, आपल्या बहिणीच्या आयुष्यातले एवढे मोठे दुखणे तोवर ठाऊकच नव्हते. ते त्याला तिच्या मृत्यूनंतर, दुसऱ्या एका स्त्रीच्या तोंडून कळले.

न्यायशास्त्र इथे पुन्हा उपयोगी पडते. स्मृतीला नैयायिक प्रमा, म्हणजे प्रमाणातून मिळालेले नवे यथार्थ ज्ञान, मानत नाहीत. ती आधीच्या अनुभवाचीच पुनरावृत्ती असते. त्या हिशेबाने बहिणीविषयी जे आठवते ते कितीही प्रिय असले तरी ज्ञानात भर घालत नाही, आणि मृत्यूनंतर तिच्याविषयीच्या ज्ञानाचे खाते बंद व्हायला हवे. पण प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला चौथे प्रमाण आहे ते शब्द, म्हणजे आप्ताचे वचन. आणि शब्दातून मिळते ती प्रमा असते. एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही हे खरे, पण ते त्याला सांगता येते आणि सांगितल्यावर ते त्याच्यापुरते नवे ज्ञान होते. वेतियानाने दिवा पुढे धरला तेव्हा ग्रेगरीच्या स्मृतीत काही जागे झाले नाही, त्याला त्याची बहीण थोडी अधिक कळली.

समाचाराला येणाऱ्यांनी ओट्यावर बसून मृताच्या गोष्टी सांगण्याची जी रीत आहे तिला वेळ घालवण्यापलीकडे अर्थ असेल तर तो हाच असावा. शेजारीण सांगते की इंजेक्शनच्या दिवशी ती मुद्दाम नवी साडी नेसायची. शाळेतली मैत्रीण सांगते की गणिताच्या तासाला ती कविता उतरवून घ्यायची. तिची मुलगी सांगते की शेवटच्या महिन्यात ती भावाला फोन लावून न बोलताच ठेवून द्यायची. यांतले शेवटचे ऐकणे भावाला सोपे नाही. कार्तिक शुद्ध द्वितीयेला, ज्या दिवशी यमुनेने यमाला घरी बोलावून जेवू घातले असे पुराण सांगते त्या यमद्वितीयेला, भावाने बहिणीच्या घरी जेवावे आणि सख्खी बहीण नसेल तर मानलेल्या बहिणीकडे जावे, असे धर्मशास्त्रकारांनी लिहून ठेवले आहे. पण बहीण गेलेला भाऊ त्या दिवशी अनेकदा तिच्याच घरी, तिच्या मुलांकडे जातो, आणि जेवणापेक्षा बोलणेच लांबते.

संस्कृतात आप्त म्हणजे विश्वासार्ह वक्ता, जे जसे आहे तसे सांगणारा. मराठीत आप्त म्हणजे नातलग. तर्पणाच्या यादीत बहिणीनंतर काही पदे सोडून, अगदी शेवटी, हाच शब्द येतो, आणि त्या आप्तांनाही कोणीतरी तिलोदक देतच असते.